धनुष्याचा साज

पंचवटीच्या कथेतील एक लहानसा तपशील आपल्या नजरेतून बहुधा निसटतो. राम, लक्ष्मण आणि सीता दंडकारण्यातून हिंडत अगस्त्य मुनींच्या आश्रमी येतात. मुनी त्यांचा आदरसत्कार करतात आणि मग रामाच्या हाती एक धनुष्य ठेवतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडातला हा प्रसंग आहे. विश्वकर्म्याने घडविलेले ते वैष्णव धनुष्य. पण मुनी नुसते धनुष्य देऊन थांबत नाहीत. त्याच्याबरोबर एक अमोघ बाण देतात, कधीही रिते न होणारे दोन भाते देतात आणि सोन्याच्या म्यानातील तलवारही देतात. हे सारे झाल्यावरच राहण्याजोगे ठिकाण म्हणून ते गोदावरीकाठच्या पंचवटीचे नाव घेतात.

आपल्या जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगीचे उदाहरण घ्या. अठरा हातांत अठरा आयुधे धारण करणारी ती महिषमर्दिनी. देवीमाहात्म्यात प्रत्येक देवाने तिला आपापले आयुध दिल्याचे वर्णन आहे. त्यात वायूने दिले ते धनुष्य. आणि त्याच्याबरोबर बाणांनी भरलेले दोन भाते. येथेही धनुष्य एकटे आलेले नाही.

पुराणकारांना हा तपशील सांगावासा वाटला याचे कारण सोपे आहे. त्या काळच्या ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी धनुष्य हाताळलेले होते. दोरी, बाण, पिसे, पाते, भाता आणि हाताचे रक्षण करणारे चामडे एवढा साज जमेपर्यंत धनुष्य म्हणजे एक वाकवलेली काठी, हे त्यांना ठाऊक होते. आज आपण नेमके हेच विसरलो आहोत. चित्रात, नाटकात, मिरवणुकीत धनुष्य दिसते. त्याचा साज दिसत नाही. आणि शिकाऱ्याचे सारे ज्ञान तर त्या साजाच्या निवडीतच साठवलेले होते. म्हणून आज आम्ही धनुर्धरांच्या पराक्रमाविषयी न बोलता या साजाविषयी बोलणार आहोत.

प्रारंभ दोरीपासून करू. संस्कृतात दोरीला ज्या म्हणतात, मौर्वी म्हणतात आणि गुणही म्हणतात. मौर्वी हा शब्द मूर्वा नावाच्या वनस्पतीपासून आला. तिच्या धाग्यांची दोरी वळत असत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षावर एक प्रकरण आहे. त्यात धनुष्ये कशाची करावीत ते सांगितले आहे: ताडाची, वेळूची, लाकडाची आणि शिंगाची. लगेच पुढे दोऱ्यांची यादी येते: मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि स्नायू. या यादीतला वेळू पाहून नवख्या माणसास नवल वाटेल. वेळूचे धनुष्य ठीक. पण वेळूची दोरी कशी होणार? त्याचे उत्तर ग्रंथात शोधण्याचे कारण नाही. सातपुड्यातल्या आणि खानदेशातल्या भिल्लांचे धनुष्य हेच त्याचे उत्तर आहे. काठी बांबूची आणि तिला ताणून धरणारी दोरीही बांबूच्याच चिवट सालीची पट्टी. मराठीत या हत्याराला आपण तिरकमठा म्हणतो. कमठा, कामठी, कामटी हे सारे शब्द एका घरचे. पतंगाला लावतात ती कामटी आणि भिल्लाच्या खांद्यावरचा कमठा यांची जात एकच, लवचिक बांबूची.

बांबूच्या दोरीची निवड ही गरिबीची तडजोड होती असे मात्र कोणी समजू नये. जनावराच्या स्नायूंची दोरी बळकट खरी, पण ती ओलसर झाली की सैल पडते. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने जोडून केलेली मध्य आशियातली आखूड धनुष्ये जगात नावाजली गेली. परंतु ओल हा त्यांचा मोठा शत्रू. आता पेठ, सुरगाणा, इगतपुरी या मुलखातला पाऊस डोळ्यांपुढे आणा. चार महिने जिथे झाडाचे पान कोरडे होत नाही, तिथे सरस आणि स्नायू यांच्या भरवशावर राहणारा शिकारी उपाशीच राहायचा. बांबूची पट्टी भिजली तरी काम देते, आणि तुटलीच तर नवी दोरी जवळच्याच बेटात उभी असते. साज निवडताना पहिला प्रश्न ‘उत्तम कोणते’ हा नसून ‘इथे टिकणारे कोणते’ हा असतो. तो प्रश्न आमच्या डोंगरातल्या माणसाने फार पूर्वीच सोडविला होता.

दोरीनंतर बाण. धनुष्याला अनुरूप बाण निवडणे हे सर्वांत नाजूक काम. आपल्याला वाटते, बाण सरळ असला म्हणजे झाले. पण दोरी सुटते त्या क्षणी बाणाच्या काडीवर मागून जबर धक्का बसतो, ती किंचित वाकते, धनुष्याच्या काठीला वळसा घालून पुढे जाते आणि मग सरळ होते. काडी फार लवचिक असेल तर बाण भरकटतो. फार ताठ असेल तर वळसा घेता न आल्याने बाजूला जातो. जेवढे धनुष्य जोरकस तेवढी काडी ताठ हवी. म्हणजे एका धनुष्याचा बाण दुसऱ्याला चालेलच असे नाही. शिकारी माणूस काडी बोटांनी वाकवून पाहतो आणि बाजूला ठेवतो किंवा घेतो. त्या एका कृतीत हे सारे शास्त्र असते.

बाणाच्या एका टोकाला वजन हवे आणि दुसऱ्या टोकाला पिसारा. पिसारा बाणाची शेपटी सावरतो. प्राचीन वाङ्मयात बाणांना गिधाडाची आणि कंक पक्ष्याची पिसे लावल्याचे उल्लेख जागोजागी आहेत. ज्या गृध्रराज जटायूने सीतेसाठी प्राण दिले, त्याच्याच जातीची पिसे वीरांच्या बाणांना लागत असत, हा योगायोग मनाला चटका लावून जातो. पुढचे टोक शिकारीप्रमाणे बदलते. कौटिल्याने पाती लोखंडाची, हाडाची आणि लाकडाची सांगितली आहेत, आणि त्यांची कामेही कापणे, भेदणे आणि ताडन करणे अशी वेगळी लावून दिली आहेत. हरणासारख्या जनावराला रुंद पाते हवे. कारण बाणाने जनावर जागीच पडत नाही, रक्त वाहून पडते, आणि शिकाऱ्याला त्या रक्ताच्या मागावरून जायचे असते. पाखराला मात्र बोथट टोकाचा बाण बरा. त्याने पाखरू पडते, मांस फाटत नाही आणि चुकलेला बाण फांदीत रुतूनही बसत नाही. एका भात्यात दोन तऱ्हेचे बाण असले की समजावे, हा माणूस रानात पोट भरण्यास निघाला आहे, रणात नव्हे.

रणातल्या धनुष्याचा साज निराळाच असे. अलेक्झांडरबरोबर आलेल्या निआर्कसच्या आधारे एरियन या ग्रीक लेखकाने हिंदी पायदळाचे वर्णन केले आहे. धनुष्य माणसाएवढे उंच, त्याचे एक टोक जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून धरीत, आणि बाण जवळजवळ तीन हात लांबीचा. असल्या बाणापुढे ढाल आणि चिलखत टिकत नसे असे तो म्हणतो. पण हे धनुष्य करवंदीच्या जाळीत घेऊन शिरून पाहा! रानाला लहान धनुष्य हवे आणि रणाला मोठे. दोहोंचा साज एकमेकांस लागू नाही.

आता हाताकडे वळू. दोरी सुटताना डाव्या मनगटावर फटका देते आणि उजव्या हाताची बोटे सोलून काढते. म्हणून मनगटाला चामड्याचा पट्टा बांधीत, त्याला संस्कृतात गोधा म्हणत. आणि बोटांच्या आवरणाला अंगुलित्राण. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या चिवट कातड्यावरून हे नाव पडले असावे. विश्वामित्राबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या अंगावर वाल्मीकींनी हे दोन्ही आवर्जून घातले आहेत. तुर्क आणि मोगल यांची रीत निराळी. ते अंगठ्याने दोरी ओढीत आणि त्यासाठी अंगठ्यात दगडाची, हाडाची किंवा शिंगाची कडी घालीत. फारसीत अंगठ्याला आणि या कडीलाही शस्त म्हणतात. आपल्याकडे शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, हा प्रयोग जुन्या मराठीत रूढ होता. आज मुलांना शिस्त लावणाऱ्या गुरुजींना या शब्दाशेजारी तिरंदाजाचा अंगठा उभा आहे हे सांगितले तर गंमत वाटेल.

अंगठ्याची गोष्ट निघाली की एकलव्य आठवतोच. अंगठा दिल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण त्याची पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे महाभारत सांगते. भिल्ल आजही बाण सोडताना अंगठा लावीत नाहीत, ते एकलव्याच्या स्मरणार्थ, असे सांगण्यात येते. या श्रद्धेचा आदर राखून एवढे म्हणता येईल की, दोन बोटांत किंवा तीन बोटांत दोरी धरण्याची रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे आणि तिला अंगठ्याची कडी लागत नाही. रीत बदलली की साज बदलतो.

राहिला भाता. मराठीत लोहाराच्या फुंकणीलाही भाता म्हणतात आणि बाणांच्या पेटीलाही. लोहाराच्या भात्यापुढे तापलेले पाते अखेर शिकाऱ्याच्या भात्यात जाऊन बसते. भाता निवडताना तो सुंदर आहे की नाही हे दुय्यम. चालताना बाण खडखडू नयेत, पिसे भिजू नयेत आणि हात मागे नेताच हवा तो बाण न पाहता सापडावा, एवढे त्याचे काम.

एवढा सगळा साज असूनही इतिहासाच्या हाती त्यातले काय लागते? बहुतेक काहीच नाही. दोरी कुजते, पिसे कीड खाते, काडी माती होते. डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी १९५०–५१ साली नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. अशा उत्खननांत दगडाची बारीक पाती सापडतात. ती लाकडात किंवा हाडात बसवून वापरीत. ती हाती येतात, पण ज्या काडीला ती बसवली होती, ज्या डिंकाने चिकटवली होती, ज्या दोरीने ती उडाली, ते सारे नाहीसे झालेले असते.

जगात एके ठिकाणी मात्र काळाने साज राखून ठेवला. १९९१ साली आल्प्स पर्वतातल्या बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचे शरीर सापडले. त्याच्याजवळ यू झाडाच्या लाकडाचे सुमारे १.८ मीटर लांबीचे धनुष्य होते, पण ते अजून पुरते घडलेले नव्हते. चामड्याच्या भात्यात १४ बाण होते. त्यांतले फक्त २ पिसे आणि गारेचे टोक लावून तयार होते, बाकीच्या नुसत्या काड्या. म्हणजे हा गृहस्थ नव्या धनुष्याचा साज जमवीत असतानाच वाटेत मेला. पुढे २००१ साली त्याच्या डाव्या खांद्यात रुतलेले बाणाचे टोकही दिसून आले. स्वतःचा साज पुरा होण्याआधी दुसऱ्याच्या पुऱ्या साजाने त्याला गाठले!

आमच्या नाशिकला बर्फ नाही. आमच्याकडे राखली गेली ती दगडावरची आणि धातूवरची अक्षरे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी तो कोरला गेला. त्यात तिने आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण वर्णिताना त्याला अद्वितीय धनुर्धर म्हटले आहे. त्या गौतमीपुत्राने ज्याचा पाडाव केला त्या क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर बाण आणि वज्र ही चिन्हे आहेत. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे १९०६ साली अशा १३ हजारांवर नाण्यांचा साठा सापडला आणि त्यांतल्या ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोल्हापूरकडच्या त्याच सुमारच्या कुर राजांच्या नाण्यांवर तर बाण लावलेले धनुष्यच आहे. राजांची धनुष्ये अशी नाण्यांवर आणि लेण्यांत अमर झाली. ज्या रानातून त्यांचे सार्थ जात, त्या रानातल्या माणसाच्या धनुष्यासाठी कोणी छिन्नी उचलली नाही.

त्याच्या धनुष्याची सरकारी नोंद झाली ती फार उशिरा, आणि तीही संशयाच्या नजरेने. १८५७ च्या ऑक्टोबरात सिन्नरजवळच्या नांदूर शिंगोटे येथे भागोजी नाईकाच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत पोलिसांचा इंग्रज अधिकारी हेन्री ठार झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेठच्या मुलखात हरसूलचा बाजार लुटला गेला. भागोजी १८५९ च्या नोव्हेंबरात मिठसागरला लढताना पडला. पुढे १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. त्यात ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर आणि भाले यांच्या रांगेत धनुष्यबाणांचेही नाव घातलेले आहे. हत्यारांचे सुटे भागही त्यातून सुटलेले नाहीत. ससा टिपायचा तिरकमठा आणि तोफ कायद्याने एकाच वाक्यात बसविली. रानातल्या माणसाचे भांडे आणि त्याचे हत्यार यांत फरक करण्याची गरज त्या वाक्यास वाटली नाही.

पुढे स्वराज्य आले आणि १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. तोही शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणांचे नाव घेतो. पण त्याचा हेतू निराळा आहे. हरीण, मोर, घोरपड यांचा जीव वाचावा हा तो हेतू, आणि तो योग्यच आहे असे आम्ही निःसंदेह म्हणतो. बंदूक आणि मोटार यांनी रान ओस पाडल्यावर शिकार चालू ठेवण्यात पुरुषार्थ उरला नव्हता. गिधाडाचे पीस, घोरपडीचे कातडे हा साजही आता कोणी जमवू नये. परंतु शिकार थांबली म्हणजे शिकारीचे ज्ञानही पुसून टाकलेच पाहिजे असे नाही. दोरी कोणत्या महिन्यात तोडलेल्या बांबूची करावी, काडी कोणत्या विस्तवावर सरळ करावी, पाते कशाने बांधावे, हे वापरात राहिले तरच हातात राहते. ते ज्यांच्या हातात होते ती पिढी सरत चालली आहे.

अमेरिकेतले एक उदाहरण येथे लक्षात घेण्याजोगे आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी याही जमातीचा शेवटचा उरलेला पुरुष लोकांसमोर आला. त्याला इशी म्हणत. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरांनी त्याच्याशी मैत्री केली आणि धनुष्य, स्नायूंची दोरी, बाणांच्या काड्या, काचेची आणि दगडाची टोके, पाणमांजराच्या कातड्याचा भाता हे सारे त्याच्यापाशी बसून शिकून घेतले. इशी १९१६ साली क्षयाने वारला. पोप यांचे धनुष्यबाणाच्या शिकारीवरील पुस्तक १९२३ साली निघाले. तिकडच्या आधुनिक तिरंदाजांपैकी पुष्कळांनी त्या पुस्तकापासून प्रेरणा घेतली. थोड्याच वर्षांची ती सोबत. पण एका माणसाने वेळेवर ऐकून घेतले म्हणून एका जमातीचा साज जगाला कळला.

आजची धनुष्ये पाहिली तर साजाचे महत्त्व कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. १९६९ साली ॲलन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने कप्पी लावलेल्या धनुष्याचे पेटंट मिळविले. त्याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. दोरी पुरती ओढल्यावर कप्प्यांमुळे हातावरचा भार हलका होतो आणि नेम धरायला उसंत मिळते. त्याला नेमाची खूण दाखविणारी भिंगे लागतात, थरथर आवरणारे दांडे लागतात, दोरी सोडण्याचा चाप लागतो, कार्बनच्या काड्यांचे बाण लागतात. अशाच धनुष्याने २०२३ साली बर्लिन येथे साताऱ्याच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने जगज्जेतेपद मिळविले. त्यांचे लक्ष्य कागदाचे होते. कोणाचे रक्त सांडले नाही. पण काडीची ताठरता धनुष्याशी जुळविणे, बोटाचे आणि मनगटाचे रक्षण करणे, पिसारा तपासणे हे काम तेच, जे डोंगरातला शिकारी विस्तवापाशी बसून करीत असे.

अरण्यकांडात, अगस्त्यांची भेट होण्याच्या आधी, सीतेने रामाला एक गोष्ट सांगितली आहे. एका तपस्व्यापाशी इंद्राने तलवार ठेव म्हणून ठेवली. ठेव सांभाळायची म्हणून तो ती सतत जवळ बाळगू लागला. फळे-मुळे आणायला जातानाही ती त्याच्या हाती असे. हळूहळू त्याची बुद्धी क्रूर झाली आणि तप गेले. शस्त्र जवळ असले की मन बदलते, हे तिचे सांगणे. सीतेची ही शंका रास्त आहे, आणि तिला शिकाऱ्याच्या साजात एक उत्तरही आहे. ज्याला प्रत्येक बाण स्वतः घडवावा लागतो, पीस वेचावे लागते, काडी दहादा वाकवून पाहावी लागते, तो बाण उगीच सोडीत नाही. त्याच्या भात्याला तळ असतो. अक्षय भाते देवांचे. माणसाचे भाते मोजके असतात, आणि त्या मोजकेपणातच त्याचा संयम होता. आपल्या रानांना धोका झाला तो मोजक्या बाणांचा नव्हे, न मोजता उडणाऱ्या काडतुसांचा.

म्हणून नाशिककरांस आमची एक विनंती आहे. पुण्यास आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय आहे. अन्यत्रही संग्रह आहेत. तेथे वस्तू ठेवता येतात. पण वस्तूमागचे बोलणे गावात जाऊनच टिपावे लागते. आपल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबक येथील पाड्यांवर जावे. वृद्धांपाशी बसून दोरीला, खाचेला, पिसाऱ्याला, पात्याला, भात्याला त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते लिहून घ्यावे. कोणता भाग कशासाठी निवडला आणि कोणता टाकला, हे विचारावे. सांगणाराचे नाव त्याच्या संमतीने टिपणावर घालावे. पांडवलेण्यांत एका धनुर्धराचे नाव कोरलेले आहे. बाकीच्यांची नावे कोरायला आता दगड लागत नाही, वही पुरते. ती वही भरण्याचे काम नाशिकने हाती घ्यावे, एवढे सांगून आम्ही हा विषय पुरा करतो.